गणपतीच्या घरात बांगड्याचा वास

आचऱ्याच्या आत्मारामकाकांनी आपल्या मुलीचा कॉम्प्युटर जाळला नाही. तो मी जाळला.

हे वाक्य मी वर्षभर कुणाजवळ बोललो नव्हतो. बायकोजवळही नाही. संपादकांनी फोन करून सांगितलं, "तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा, वाचकांना आवडतील." गमतीजमती पुष्कळ आहेत आणि त्या येतीलच. पण हे वाक्य आधी वर मांडून ठेवल्याशिवाय खाली हसणं मला बरं वाटेना.

मालवणच्या बाजारात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. शहरातल्या दुरुस्तीवाल्याला जे भोगावं लागत नाही ते आम्हाला भोगावं लागतं, ते म्हणजे खारं वारं. आमच्याकडे यंत्र म्हातारपणाने मरत नाही, हवेने मरतं. समुद्राकडे तोंड करून खिडकीत ठेवलेला नवाकोरा कॉम्प्युटर दोन पावसाळ्यांत आतून हिरवट होतो. त्यातून गिऱ्हाइकांची माया. तारकर्लीचे एक लॉजवाले पावसाळ्यात आपल्या कॉम्प्युटरला चादर गुंडाळून ठेवायचे. मी म्हटलं, "अहो, तो आत गुदमरतो." तर म्हणाले, "गुदमरूदे, पण थंडी लागूक नको." आणखी एक गृहस्थ प्रिंटर घेऊन आले, कागद पुढे सरकत नाही म्हणून. उघडला तर आत मुंग्यांनी अंड्यांसकट बिऱ्हाड थाटलेलं. "त्येंका मारू नको हां," ते म्हणाले, "शनिवार आसा आज." मी सोमवारपर्यंत तो प्रिंटर दुकानाच्या पायरीवर ठेवला. मुंग्या आपणहून गेल्या, आणि जाताना शेजारच्या मिठाईवाल्याकडे गेल्या. त्याने महिनाभर माझ्याशी अबोला धरला होता.

मी मुळात कॉम्प्युटरवर शिकलेला नाही. तरुणपणी बंदरावर होड्यांच्या इंजिनांवर हात बसवला. माझे उस्ताद प्रत्येक जोडाला, प्रत्येक नटाला, वायरच्या प्रत्येक टोकाला बोटभर पिवळं ग्रीस फासायचे आणि म्हणायचे, "ग्रीस लाव, मगे समुद्राक घाबरू नको." इंजिनं सुटली, कॉम्प्युटर आले, पण ते बोट माझ्या हाताला चिकटूनच राहिलं. आत बसणाऱ्या प्रत्येक प्लगला मी थोडं ग्रीस लावायचो. कंपनीच्या पुस्तकात असं कुठेही लिहिलेलं नसतं. पण माझे जोड गंजायचे नाहीत, आणि "सुहासचा काम खाऱ्या वाऱ्यात टिकता" अशी बाजारात बोलवा होती. ती ऐकायला मला फार आवडायचं. पुढचं सगळं त्या आवडीतूनच घडलं.

आत्मारामकाकांची मुलगी दीपाली मुंबईत जाहिरातींसाठी चलचित्रं बनवण्याचं काम शिकली आणि एक दिवस ते काम घेऊन आचऱ्याला घरीच परत आली. समुद्र, मासे, लाटा, सगळं कॉम्प्युटरवर उभं करायचं आणि हलवून दाखवायचं. खिडकीतून खरा समुद्र दिसत असताना ही पोरगी खोटा समुद्र करते, याचं गावाला मोठं नवल होतं. आत्मारामकाका मात्र येईल त्याला अभिमानाने आत नेऊन दाखवायचे. "माझ्या चेडवाचो समुद्र बघा. भरती-ओहोटी बटणावर आसा."

काका जहाजावर इंजिनखोलीत तेलपाणी बघणारे होते. आयुष्य परदेशी जहाजांच्या पोटात काढलं. निवृत्त होऊन आल्यावर गावातला पंप, भाताची चक्की, कुणाचा मिक्सर, काही बिघडलं की माणसं त्यांच्याकडे जायची. ते आधी यंत्राला कान लावून ऐकायचे, मग हात लावायचे. हात मोठे आणि काळवंडलेले, पण यंत्राला लागताना अगदी हलके.

दीपालीच्या कामाला मोठं ग्राफिक्स कार्ड लागतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कॉम्प्युटरच्या पेटीत चित्रांचं सगळं ओझं उचलणारी एक वेगळी पाटी असते, ते हे कार्ड. आजकालची ही कार्डं विटेएवढी असतात आणि वीज अशी पितात की विचारू नका. ही वीज त्यांना एकाच प्लगमधून मिळते. दोन बोटांच्या रुंदीत बारा जाड पिना, वर चार बारीक. माडांना पाणी लावताना एका टाकीतून बारा नळ्या काढल्या आणि त्यांतल्या काही नीट बसल्याच नाहीत, तर सगळं पाणी उरलेल्या नळ्यांतून जोर करून जातं ना, तसंच इथे होतं. प्लग पुरता आत बसला नाही तर मोजक्या पिनांवर सगळा भार येतो, त्या तापतात आणि भोवतालचं प्लास्टिक वितळतं. म्हणून प्लगला एक कडी असते. प्लग पूर्ण आत गेला की कडी अडकते आणि 'टक्' असा आवाज येतो. तो आवाज आला की काम झालं.

ग्रीस लावलेला प्लग मात्र आवाज करत नाही. तो लोण्यासारखा सरकतो आणि मध्येच कुठेतरी थांबतो, आणि आपल्याला वाटतं, बसला. मला ते टक् न ऐकण्याची सवय होऊन गेली होती.

दीपालीचा कॉम्प्युटर मी आषाढात जोडून दिला. प्लग बसवला, वायर वाकवली, काचेचं झाकण लावलं. काकांनी पेटीला कान लावला आणि म्हणाले, "आवाज बरो आसा. पंखो सुरात आसा." मी खूश होऊन चहा प्यालो आणि स्कूटरवरून खाडीच्या पुलावरून शीळ घालत परतलो.

चतुर्थीला त्या घरात गणपती बसतो तो नेमका दीपालीच्या कामाच्या खोलीत. पिढ्यान्पिढ्यांची ती जागा. माटवी त्याच छताला बांधतात. म्हणजे त्या लाकडी चौकटीला नारळ, कवंडळं, रानातली फळं-फुलं टांगतात. कॉम्प्युटर हलवणं भागच होतं. तो काकांनी हलवला. नवजात पोर उचलावं तसा छातीशी धरून त्यांनी तो आपल्या झोपायच्या खोलीत नेला. दीपालीचं मुंबईचं काम अडलेलं होतं, त्यामुळे आरतीला बाहेर यायचं आणि आरती झाली की पुन्हा आत जाऊन काम करायचं, असं तिचं चाललं होतं. कॉम्प्युटर दिवसभर पूर्ण ताकदीने चालू.

आणि गणपतीच्या दुसऱ्या दिवशी घरात माशाचा वास सुटला.

मालवणी माणसाला हे सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो. गणपती घरात असेपर्यंत मासे नाहीत. श्रावणापासून तोंडाला कुलूप लावलेलं असतं आणि जीव कासावीस झालेला असतो. अशा वेळी घरात बांगड्याचा वास, आणि तोही काकांच्या खोलीतून!

पुढचं सगळं मला दीपालीनेच दुकानात उभं राहून, पोट धरून हसत सांगितलं होतं. काकी वास घेत घेत त्या खोलीच्या दारात आल्या.

"खरा सांगा, सुको बांगडो खंय ठेवलाहात?"

"खुळी काय गो तू? गणपती घरात आसा!"

"गणपती आसा ता माका ठावक आसा. तुमका ठावक आसा काय ता इचारतंय."

काकांची जहाजावरची पत्र्याची पेटी उघडली गेली. गादी झटकली गेली. शेजारची भावजय येऊन हुंगून गेली आणि म्हणाली, "बांगडो नाय, मोरीचा वास." मोरी म्हणजे आमच्याकडे शार्क. त्यावर दोघींत वाद. काकांनी गणपतीसमोर उभं राहून नारळावर हात ठेवून सांगितलं की मी काही खाल्लं नाही. काकी म्हणाल्या, "देवाक तरी फसवू नका." विसर्जन झालं, आणि दुसऱ्या दिवशी घरात पहिला बांगडा तळला तेव्हा सगळ्यांच्या ताटात पडला, काकांच्या नाही. "तुमचो आधीच खाऊन झालो," काकी म्हणाल्या. काकांनी डाळभात खाल्ला.

त्याच संध्याकाळी दीपालीच्या समोरचा पडदा काळा झाला. पंखे फिरत होते, दिवे लागले होते, चित्र मात्र गेलं ते गेलंच.

दुसऱ्या दिवशी ती पेटी घेऊन माझ्या दुकानात आली. दुकानात कणकवलीच्या एका कॉलेजातले सर बसले होते. त्यांच्या कॉलेजात नवी कॉम्प्युटरची खोली व्हायची होती आणि ते काम मला द्यावं का, हे ठरवायला ते आले होते. मी त्यांना माझ्या कामाच्या टिकाऊपणाविषयीच सांगत होतो.

झाकण उघडलं आणि वास आला. बांगड्याचा, अगदी हुबेहूब.

आमच्या धंद्यात हा वास ओळखतात. काही प्रकारचं प्लास्टिक विजेच्या तापाने आतल्या आत शिजलं की मासळीसारखा वास सुटतो. जगात दुसरीकडे कुठे भिंतीतून माशाचा वास आला तर माणसं घाबरून मेन स्विच बंद करतात. आमच्या किनाऱ्यावर माणूस आधी स्वयंपाकघरात डोकावतो. चतुर्थी होती म्हणून निदान कुणी शोध तरी घेतला. एरवी तो कॉम्प्युटर महिनाभर शिजला असता आणि सगळ्यांना वाटलं असतं, आज शेजारी काहीतरी बरं आहे.

मी प्लग ओढला. तो कार्डाला चिकटला होता. हलवून हलवून काढला तर एका बाजूच्या पिनांभोवतीचं प्लास्टिक मेणासारखं ओघळलेलं. आणि प्लगवर एक स्वच्छ पट्टा, तांदळाच्या दाण्याएवढा रुंद, आत कधी गेलाच नव्हता असं सांगणारा. कडी शाबूत होती. एवढ्यावर सगळा निकाल लागत होता. दाराला कडी घातली असेल तर दार ओढून उघडत नाही, आणि उघडलंच तर कडी मोडते. इथे कडी मोडली नव्हती, म्हणजे ती कधी लागलीच नव्हती. पेटी हलवणाऱ्याचा यात काही संबंध नव्हता. पट्ट्याच्या कडेला माझं पिवळं ग्रीस तापून तपकिरी झालं होतं.

"काय झाला?" दीपालीने विचारलं.

सर मान उंच करून बघत होते.

"पेटी कुणी हलवली होती का?" मी विचारलं.

"बाबांनी. गणपतीसाठी."

"मग तेव्हाच प्लग ओढला गेला असणार."

एवढंच. हातातल्या फडक्याने मी प्लग पुसला, नेहमीसारखा, जणू धूळच पुसतो आहे. ते ग्रीस त्या फडक्यात गेलं. कॉलेजचं काम मला मिळालं.

माझ्या अपराधी मनाने मग भरपाई सुरू केली. कार्डावरचा वितळलेला सॉकेट, म्हणजे प्लग बसतो ती जागा, काढून नवा बसवणं हे किचकट काम. कार्डाच्या आत तांब्याचे जाड थर असतात, ते सगळी उष्णता पिऊन टाकतात. वरून कितीही गरम हवा मारा, सोल्डरचा टाका वितळत नाही, आणि अति मारली तर कार्ड फुगतं. खालून तापता पत्रा लावून आधी सगळं कार्ड कोमट करून घ्यायचं, मग वरून हवा, मग श्वास रोखून सॉकेट उचलायचा. मी आधी भंगारातल्या मेलेल्या पाट्यांवर सराव केला. बायको विचारायची, "इतको जीव टाकून कोणाचा काम करतास?" मी म्हणायचो, "आचऱ्याच्या काकांचा." ते खोटं नव्हतं. पहिल्यांदा चित्र परत आलं, दीपालीचा निळा समुद्र पडद्यावर हलला, तेव्हा मी दुकानात एकटाच ओरडलो. शेजारचा मिठाईवाला अबोला विसरून धावत आला. धंद्यातला इतका निखळ आनंद मला क्वचित झाला आहे, हे कबूल केलं पाहिजे. अपराध आणि आनंद एका माणसात एकाच वेळी मावतात.

मी पैसे घेतले नाहीत, नवी केबलही माझ्याकडची घातली. परिणाम उलटा झाला. त्या घरात मी देवमाणूस ठरलो. काकींनी कोकमाच्या आगळाची बाटली पाठवली, नारळ पाठवले, आणि निरोप पाठवला की आमच्या ह्यांनी जाळलेलं तुम्ही फुकट नीट करून दिलंत, तुमचे उपकार कसे फेडायचे. त्या आगळाची सोलकढी घरी झाली. सगळे भुरके मारत होते. माझ्या घशाखाली ती उतरेना. बायकोला वाटलं, मिरची जास्त झाली.

आणि तिकडे आत्मारामकाकांनी यंत्रांना हात लावायचं सोडलं.

आधी मला ते कळलं नाही. दीपाली एकदा सहज म्हणाली, "बाबा आता पंपाचा बटणसुद्धा दाबत नाय. माडांक पाणी लावूक शेजारच्याक हाक मारतत." मग ऐकलं, चक्कीवाल्याने बोलावलं तरी गेले नाहीत. "हात बिघडले माझे," म्हणाले. गावात लोक गमतीने विचारायचे, "काय आत्माराम, आज काय जाळलंस?" काका हसायचे म्हणे. नंतर नंतर हसेनासे झाले.

शिमग्याच्या सुमारास ते स्वतः माझ्या दुकानात आले. एसटीने, मांडीवर मिक्सर घेऊन. मिक्सर स्वच्छ पंचात गुंडाळलेला. तो गाठोड्यासकट माझ्यासमोर ठेवून ते दोन पावलं मागे सरले.

"फिरना नाय. मी उघडलंय नाय हां. हातसुद्धा नाय लावलंय. पंचो हिनाच गुंडाळल्यान."

मी उघडला. आत कार्बनचा एक बारका तुकडा झिजलेला. त्यांनी आयुष्यात असे शेकडो बदलले असतील. मी म्हटलं, "काका, हे तुम्ही डोळे मिटून केलं असतं."

"डोळे मिटून करूचे दिवस गेले, झिला," ते म्हणाले. "आता डोळे उघडे ठेवूनय भिती वाटता."

तेव्हा बोलायला हवं होतं. दुकानात कुणी नव्हतं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "चहा घेणार?" त्यांनी चहा घेतला. मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो, त्यांच्यासाठी खिडकीची जागा धरली, मिक्सर उचलून हातात दिला. सगळं केलं, तेवढं सोडून. त्या दिवसापासून मी ग्रीसचा डबा दुकानातून हद्दपार केला. आता प्रत्येक प्लग कोरडा बसवतो आणि टक् ऐकू आलं नाही तर पुन्हा काढतो. गिऱ्हाइकाला सांगतो, "गप्प राहा जरा, मला ऐकू दे." लोकांना वाटतं, हा मंत्र म्हणतो.

वर्ष फिरून चतुर्थी आली. दीपालीचा फोन. "दादा, पेटी हलवची आसा. बाबा हात लावूक तयार नाय. माका आनी आयेक उचलत नाय. येशात काय?"

गेलो. माटवीचं सामान अंगणात पडलं होतं, कवंडळांच्या लाल रंगाने ओटी भरून गेली होती. मी पेटी उघडली, बॅटरीच्या उजेडात प्लग बघितला, काढून पुन्हा बसवला. टक्. मग पेटी उचलली आणि आतल्या खोलीत नेली. काका दारात उभे राहून पाहत होते, वाटेत येऊ नये म्हणून भिंतीला चिकटून. मी उंबऱ्याला अडखळलो तेव्हा त्यांचे दोन्ही हात आपोआप पुढे आले आणि त्यांनी ते लगेच मागे घेतले.

काकी मला जाऊ देईनात. "देव येतलो, गाऱ्हाणा घालतले, मोदक खावन जावा." राहिलो.

गाऱ्हाणं म्हणजे काय ते सांगतो. आमच्याकडे कुठल्याही कामाच्या आरंभी घरातला किंवा गावातला जाणता माणूस देवासमोर उभा राहून मोठ्याने त्याच्याशी बोलतो. घरातलं सगळं सांगतो, चुका कबूल करतो, मागणं मागतो. आणि प्रत्येक वाक्यापाठी जमलेली माणसं एका आवाजात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" याला दुसरं उत्तर नाही. देवाशी वाद घालायची सोय त्यात ठेवलेलीच नाही.

आत्मारामकाकांचा गाऱ्हाण्याचा आवाज आख्ख्या वाडीत प्रसिद्ध. इंजिनखोलीत ओरडून ओरडून कमावलेला. पूजा झाली, शेजारपाजार जमला, काका हात जोडून उभे राहिले.

"बा देवा गणपती म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या घरात तुझी मूर्ती बसली आसा. लेकरांनी जमात तशी सेवा केली आसा. ती गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या चेडवाचा काम मुंबैत नाव काढता आसा, ता असाच वाढवत ने रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मीही मोठ्याने म्हणत होतो. मग काकांचा आवाज खाली आला.

"गेल्या वर्साक माझ्या ह्या हातांनी लेकराचा मशीन जळाला. पोटाच्या पोरीचा नुकसान केलंय. म्हातारपणी हातांचो गर्व होतो, तो तू उतरवलंस. ती चूक पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्ह..." सगळ्यांनी तोंड उघडलं.

"नाय म्हाराजा!"

तो आवाज माझा होता, हे मला सगळे माझ्याकडे वळल्यावर कळलं. टाळ घेऊन उभा असलेला शेजारी हळूच म्हणाला, "रे, असा म्हणूचा नसता."

"माहीत आहे," मी म्हटलं. "पण त्याला व्हय म्हणता येत नाही. ते मशीन काकांनी जाळलं नाही. मी जाळलं."

मग ते सगळं बाहेर आलं. माझं नेहमीचं दुकानातलं बोलणं कुठच्या कुठे गेलं आणि मी घरात बोलतो तसा बोलू लागलो. प्लग, कडी, तांदळाच्या दाण्याएवढा पट्टा, ग्रीस, फडकं, कॉलेजचे सर, सगळं. गणपतीसमोर हातवारे करून सॉकेट समजावून देणारा मी पहिलाच असेन. दीपाली मान खाली घालून ऐकत होती. तिचा राग मला दिसत होता आणि तो बरोबर होता. शेवटी म्हणालो, "आनी काकी, तो वास. तो बांगड्याचो नाय होतो. प्लग शिजत होतो."

काकी नवऱ्याकडे वळल्या.

"म्हणजे तुमी खाल्ल्यात नाय?"

"वर्सभर काय सांगतंय गो तुका!"

"नारळावर हात ठेवून सांगत होते," काकी म्हणाल्या आणि त्यांनी तोंडाला पदर लावला. "आनी मी तुमका बांगडो वाढलंय नाय!"

"डाळभात वाढलंस."

"मोरीचा वास म्हणून कोण सांगी होता?" मागून कुणीतरी विचारलं, आणि शेजारची भावजय माटवीच्या आड झाली. आधी दीपाली फुटली, मग सगळी खोली. गणपतीसमोर इतकं हसलेलं मी पाहिलं नव्हतं. टाळवाला टाळ खाली ठेवून डोळे पुसत होता.

काका तेवढे हसत नव्हते. ते माझ्याजवळ आले.

"कडी मोडली नव्हती?"

"नाय काका."

"म्हणजे मी उचललंय तेवा काय सुटला नाय?"

"काय नाय. तुमी अलगद नेल्यात. कडी पयल्यापासूनच लागलेली नव्हती."

त्यांनी आपले दोन्ही हात वर करून पाहिले, उलटे-सुलटे, कुणीतरी नेलेली वस्तू परत आणून द्यावी आणि ती आपलीच आहे ना हे माणसाने बघावं तसे. मग ते तडक आतल्या खोलीत गेले. आम्ही सगळे दाराशी. त्यांनी पेटीला कान लावला, बोट पुढे केलं आणि बटण दाबलं. पंखा फिरला. पडद्यावर दीपालीचा समुद्र हलू लागला.

"सुरात आसा," काका म्हणाले. त्यांचा चेहरा असा उजळला की मला मान वर करवेना.

मग ते परत आले, हात जोडून देवासमोर उभे राहिले आणि मला खांद्याला धरून पुढे ओढलं.

"गाऱ्हाणा अर्ध्यात मोडलंस ता तू. आता पुरा तूच कर. देवाक असो तिष्ठत ठेवूचो नसता."

मी आयुष्यात कधी गाऱ्हाणं घातलं नव्हतं. पण शब्द शोधावे लागले नाहीत, ते वर्षभर तयारच होते.

"बा देवा म्हाराजा," मी म्हणालो, "चूक माझी होती. ती मी ह्या म्हाताऱ्या माणसावर ढकललंय, आनी त्येचे हात वर्सभर बांधून ठेवलंय. देवा, तुझी माफी मगे मागतंय. आधी आत्मारामकाका, तुमची. माका माफ करा."

आणि सगळ्यांच्या आधी, सगळ्यांच्या वर, इंजिनखोलीतला तो आवाज घुमला, "व्हय म्हाराजा!"